केवलादेवचे पाणी : मानवनिर्मित जलाशयाचा वारसा आणि नव्या पाणीवाटपाची कसोटी

पूर्व राजस्थानातील पाणीटंचाईवर उपाय म्हणून आखण्यात आलेल्या सुधारित पार्वती-कालीसिंध-चंबळ जोडप्रकल्पासंबंधी जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकार, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यात सामंजस्य करार झाला. पिण्याचे पाणी आणि सिंचन ही या प्रकल्पाची प्रमुख उद्दिष्टे असून करौली, धौलपूर, सवाई माधोपूर आणि भरतपूर या जिल्ह्यांना त्याचा लाभ अपेक्षित आहे. नद्यांचे पाणी नव्याने वाटून घेण्याची चर्चा होते, तेव्हा शेती, शहरे आणि उद्योग यांचे हिशेब मांडले जातात. भरतपूरच्या बाबतीत मात्र या हिशेबात आणखी एका वाटेकऱ्याची नोंद घेणे आवश्यक ठरते. हा वाटेकरी म्हणजे शहराच्या वेशीवर असलेली केवलादेवची पाणथळ.

केवलादेव राष्ट्रीय उद्यान जगभरातील पक्षिप्रेमींना परिचित आहे. सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या उद्यानात साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. परिसरातील लोक त्याला 'घना' या नावाने ओळखतात. दाट झाडी असलेले रान, असा त्याचा अर्थ. उद्यानाच्या मध्यभागी केवलादेव महादेवाचे मंदिर असून त्यावरूनच उद्यानाला औपचारिक नाव मिळाले. हिवाळ्यात येथे येणाऱ्या पर्यटकास हे सारे दृश्य आदिम निसर्गाचे वाटते. प्रत्यक्षात मात्र या जलाशयातील पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे बंधारे, कालवे आणि मोऱ्यांची मानवनिर्मित व्यवस्था उभी आहे. ही व्यवस्था सुरू राहिली तरच घना जिवंत राहतो. त्यामुळे या उद्यानाच्या संरक्षणाचा प्रश्न कुंपण आणि पहारा यांपुरता मर्यादित नसून तो मुख्यतः पाणीवाटपाचा प्रश्न आहे.

सखल भूमी आणि अजान बंध

गंभीर आणि बाणगंगा या दोन नद्यांच्या पूरक्षेत्रात भरतपूर वसलेले आहे. शहरालगतची भूमी नैसर्गिकरीत्या सखल असल्यामुळे पावसाळ्यात या नद्यांचे पाणी तेथे पसरत असे. अठराव्या शतकात, महाराजा सूरजमल यांच्या काळात, अजान बंध या मातीच्या बंधाऱ्याची उभारणी झाली. पुराचे पाणी अडवून शहराचे संरक्षण करणे आणि साठलेल्या पाण्याचा नियंत्रित वापर करणे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. पानिपतच्या १७६१ च्या पराभवानंतर परतणाऱ्या मराठा सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना आश्रय देणारा राजा म्हणून सूरजमल यांचे नाव महाराष्ट्रात आजही आदराने घेतले जाते. त्यांच्या राज्यातील हा बंधारा पुढे एका जगप्रसिद्ध पाणथळीचा उगम ठरला.

या भूमीला पक्ष्यांच्या जलाशयाचे स्वरूप येण्यास आणखी शतकाहून अधिक काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोरवीच्या राजघराण्यातील हरभामजी हे भरतपूर संस्थानचा कारभार पाहत होते. बदकांच्या शिकारीसाठी राखीव जलाशय निर्माण करण्याची कल्पना त्यांची असल्याचे मानले जाते. त्यानुसार अजान बंधातून घनाकडे येणारा कालवा, जलाशयाचे लहान-मोठे भाग पाडणारे मातीचे बांध आणि पाण्याची पातळी राखणाऱ्या मोऱ्या उभारण्यात आल्या. बांधांवर बाभळीची लागवड झाली. पुढे याच बाभळींवर हजारो पाणपक्ष्यांनी घरटी केली.

या व्यवस्थेचे चक्र ठरलेले आहे. पावसाळ्यात गंभीर नदीचे पाणी अजान बंधात येते. तेथे काही काळ थांबून ते कालव्यावाटे घनात सोडले जाते. उद्यानाचा साधारण एक तृतीयांश भाग त्यामुळे पाण्याखाली जातो. पाण्याची खोली बहुतेक ठिकाणी एक ते दोन मीटरहून अधिक नसते. हिवाळ्यानंतर पाणी ओसरू लागते आणि मे-जूनपर्यंत जलाशयाचा बहुतांश भाग कोरडा पडतो. हे आटणेही तितकेच महत्त्वाचे आहे. ओलसर आणि कोरड्या ऋतूंच्या या आवर्तनामुळेच पाणवनस्पती, कीटक, मासे आणि पक्षी यांची साखळी दरवर्षी नव्याने सुरू होते.

शिकारीच्या राखीव क्षेत्रापासून अभयारण्यापर्यंत

संस्थानी काळात घना हे बड्या पाहुण्यांच्या शिकारीचे ठिकाण होते. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत येथे मोठी शिकार झाली. त्यानंतर अशा शिकारी प्रतिवर्षी होऊ लागल्या. केवलादेव मंदिराजवळील शिलाफलकांवर त्यांचा तपशील कोरलेला असून पाहुण्यांची नावे, बंदुकांची संख्या आणि मारलेल्या पक्ष्यांचे आकडे तेथे आजही वाचता येतात. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी आयोजित शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. एखाद्या संरक्षित क्षेत्रात तेथील संहाराचाच हिशेब दगडात कोरून ठेवलेला असावा, असे उदाहरण विरळाच.

तरीही हे नमूद करणे प्राप्त आहे की, शिकारीच्या हौसेपोटीच या जलाशयाला नियमित पाणी मिळत राहिले. दरबारचा आदेश असल्याने कालव्याची निगा राखली जात होती आणि बांधांची डागडुजी होत होती. संस्थाने विलीन झाल्यावर हा आधार उरला नाही. जमिनीची मागणी वाढत होती. जलाशय मोकळा करून ती जमीन शेतीसाठी द्यावी आणि पाणी सिंचनाला वापरावे, अशी मागणी पुढे आली. अन्नधान्याच्या तुटवड्याच्या त्या काळात ही मागणी अस्वाभाविक नव्हती.

या टप्प्यावर ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचे प्रयत्न निर्णायक ठरले. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेशी त्यांचा आयुष्यभराचा संबंध होता. भरतपूरच्या जलाशयाचे महत्त्व त्यांनी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्यापर्यंत पोहोचवले. १९५६ मध्ये घना पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. मात्र माजी राजघराण्याचे शिकारीचे हक्क त्यानंतरही काही काळ कायम राहिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते संपुष्टात आले. मुंबईच्या याच संस्थेने १९६० च्या दशकात भरतपूर येथे स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचे मोठे काम हाती घेतले. मध्य आणि उत्तर आशियातील पक्षी कोणत्या मार्गाने भारतात येतात, याविषयीच्या ज्ञानात या कामाने मोलाची भर घातली.

पुढील दशकात केवलादेवला एकामागून एक मान्यता मिळाल्या. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत भारतातील पहिली दोन स्थळे नोंदवली गेली. ओडिशातील चिलिका सरोवर आणि केवलादेव ही ती दोन स्थळे होत. १९८२ मध्ये केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तर १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश करण्यात आला.

चराईबंदीचा अनपेक्षित परिणाम

राष्ट्रीय उद्यानाच्या दर्जाबरोबर एक कठोर तरतूदही लागू झाली. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात चराईचे नियमन करता येते. राष्ट्रीय उद्यानात मात्र पाळीव जनावरांच्या चराईस परवानगी देता येत नाही. भोवतालच्या गावांतील म्हशी आणि गाई पिढ्यान्‌पिढ्या घनात चरत आल्या होत्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद करण्यात आली. पर्यायी व्यवस्था झालेली नसताना बंदी अमलात आल्याने ग्रामस्थांमध्ये तीव्र असंतोष पसरला. त्यातून झालेल्या संघर्षात पोलिसांनी गोळीबार केला आणि काही ग्रामस्थांना प्राण गमवावे लागले. उद्यान आणि गावे यांच्या संबंधांवर या घटनेची छाया दीर्घकाळ राहिली.

जनावरांच्या वर्दळीमुळे पक्ष्यांना उपद्रव होतो आणि वनस्पतींची हानी होते, हा बंदीमागील विचार होता. त्या काळातील अनेक जाणत्या तज्ज्ञांचेही हेच मत होते. परंतु पुढील काही वर्षांत जे घडले ते या अपेक्षेशी जुळणारे नव्हते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० पासून सुमारे दहा वर्षे या उद्यानाचा परिस्थितिकीय अभ्यास केला. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात बंदीपूर्वीची आणि बंदीनंतरची अशा दोन्ही काळांतील स्थिती तपासता आली. उथळ पाण्यात वाढणारे पॅस्पॅलम जातीचे गवत म्हशी खात असत. म्हशी गेल्यावर या गवताने मोकळे पाणी व्यापण्यास सुरुवात केली. परिणामी, पोहणाऱ्या बदकांना आणि मासे टिपणाऱ्या पक्ष्यांना लागणारे खुले पाणी कमी झाले. माशांवर तसेच काही पक्ष्यांच्या संख्येवरही त्याचा प्रतिकूल परिणाम झाल्याचे दिसून आले. म्हशी हा या जलाशयाच्या व्यवस्थेचाच एक घटक होता आणि मर्यादित चराई उपयुक्त ठरेल, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष दोन कारणांसाठी महत्त्वाचा आहे. पहिले कारण असे की, जी परिस्थिती माणसाने घडवली तिच्यातून माणसाचा सहभाग एकाएकी काढून घेतला तर ती मूळ नैसर्गिक अवस्थेकडे जात नाही. ती बिघडू शकते. दुसरे कारण कायद्याशी संबंधित आहे. वैज्ञानिक अभ्यासातून चराईच्या बाजूने पुरावा मिळाला, तरी राष्ट्रीय उद्यानासाठी असलेली तरतूद बदललेली नव्हती. त्यामुळे म्हशी परत आल्या नाहीत. गवत हाताने कापून नेण्याची मुभा ग्रामस्थांना देण्यात आली. जनावरांना चारा मिळावा आणि पाणीही मोकळे राहावे, असा तो मध्यममार्ग होता. मात्र पाण्यात उतरून दिवसभर चरणाऱ्या म्हशींची जागा विळ्याने कापलेले गवत पूर्णतः घेऊ शकत नाही.

१९९० मध्ये केवलादेवची नोंद माँत्रो नोंदवहीत झाली. ज्या रामसर स्थळांचे परिस्थितिकीय स्वरूप बदलत आहे किंवा बदलण्याचा धोका आहे, अशा स्थळांची ही नोंद असते. चिलिका सरोवराचाही १९९३ मध्ये तीत समावेश झाला होता. समुद्राकडील नवे मुख उघडण्यासह केलेल्या उपायांनंतर २००२ मध्ये चिलिकाचे नाव वगळण्यात आले. केवलादेव मात्र तीन दशकांहून अधिक काळ या नोंदवहीत राहिले.

श्वेत क्रौंचांचे न परतणे

केवलादेवला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळण्यात सायबेरियाहून येणाऱ्या श्वेत क्रौंचांचा वाटा मोठा होता. पश्चिम सायबेरियात प्रजनन करणाऱ्या या पक्ष्यांचा एक गट मध्य आशिया, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमार्गे हजारो किलोमीटरचा प्रवास करून हिवाळ्यात भरतपूरला येत असे. उथळ पाण्याच्या तळाशी असलेले वनस्पतींचे कंद हे त्यांचे मुख्य अन्न होते. १९६० च्या दशकात येथे सुमारे २०० श्वेत क्रौंच येत असल्याची नोंद आहे. त्यानंतर ही संख्या सातत्याने घटत गेली. काही हिवाळ्यांत एकही पक्षी आला नाही. २००१-०२ च्या हिवाळ्यात अखेरची जोडी दिसली. त्यानंतर केवलादेवमध्ये श्वेत क्रौंच आलेले नाहीत.

या ऱ्हासाचे सारे उत्तरदायित्व केवलादेवच्या व्यवस्थापनावर टाकणे योग्य ठरणार नाही. स्थलांतराच्या मार्गावरील शिकार, युद्धग्रस्त अफगाणिस्तानातील अस्थिरता आणि वाटेवरील पाणथळींचा ऱ्हास ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. स्थलांतरित पक्ष्याचे संरक्षण कोणत्याही एका देशाला एकट्याने करता येत नाही, हा धडा या घटनेने दिला. तथापि, मार्ग सुरक्षित होऊन एखादा थवा भविष्यात पुन्हा भारतात आणता आला, तरी त्याला उतरण्यासाठी उथळ आणि खुले पाणी हवे. ते राखणे ही मात्र सर्वस्वी भारताची जबाबदारी आहे.

पांचना धरण आणि पाण्याचा वाद

केवलादेवसमोरील सर्वांत गंभीर संकट एकविसाव्या शतकाच्या आरंभी उद्भवले. गंभीर नदीच्या वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पांचना हे मातीचे धरण आहे. पाच प्रवाहांचे पाणी येथे एकत्र येते, म्हणून हे नाव. धरणाची साठवणक्षमता वाढल्यानंतर भरतपूरकडे येणारे गंभीरचे पाणी मोठ्या प्रमाणात रोखले गेले. दुसरीकडे बाणगंगेच्या वरच्या भागातील रामगढ धरणातच पाणी येईनासे झाले होते. त्यामुळे त्या नदीचाही आधार उरला नव्हता.

२००४ मध्ये उद्यानासाठी धरणातून पाणी सोडण्याचा प्रश्न पुढे आला, तेव्हा करौली परिसरातील शेतकऱ्यांनी त्यास तीव्र विरोध केला. पाऊस अपुरा झाला असताना आपल्या शेतीचे पाणी पक्ष्यांसाठी का द्यायचे, असा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नाला राजकीय वजनही होते. पाणी मिळाले नाही. त्यानंतरच्या वर्षांतही टंचाई कायम राहिली. एरवी ज्या बाभळींवर चित्रबलाक, पाणकावळे, बगळे आणि चमचे यांची घरटी गजबजलेली असत, त्या ओस पडल्या. कूपनलिकांचे पाणी उपसून काही भाग ओला ठेवण्याचा प्रयत्न झाला, पण एवढ्या विस्तीर्ण जलाशयासाठी तो अपुरा होता.

उद्यानाची वार्षिक गरज सुमारे ५५ कोटी घनफूट, म्हणजे साधारण १ कोटी ५६ लाख घनमीटर इतकी मानली जाते. वरवर पाहता हा आकडा मोठा वाटतो. परंतु या पाण्याचा मोठा भाग जमिनीत मुरतो आणि भोवतालच्या विहिरींना त्याचा लाभ होतो, ही बाब चर्चेत फारशी येत नाही. भरतपूरच्या आसपास अनेक ठिकाणी भूजल खारे आहे. अशा ठिकाणी गोड्या पाण्याचा मोठा साठा मुरणे, हे शेतीच्याही हिताचे असते. तसेच पाणी आले तरच पक्षी येतात आणि पक्षी आले तरच पर्यटक येतात. सायकलरिक्षा चालवणारे, मार्गदर्शक, लहान हॉटेलांचे चालक अशा अनेकांची उपजीविका यावर अवलंबून आहे. येथील अनेक रिक्षाचालक गळ्यात दुर्बीण बाळगतात आणि पक्ष्यांची नावे बिनचूक सांगतात. घना कोरडा पडला की त्यांचा हंगामही कोरडा जातो.

तथापि, करौलीच्या शेतकऱ्याची बाजूही तितकीच खरी आहे. धरण त्याच्या परिसरात आहे आणि पावसाचा भरवसा त्यालाही नाही. शेकडो किलोमीटरवरून येणाऱ्या पर्यटकांच्या उत्पन्नात त्याचा वाटा नाही. नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या लोकांमध्ये हक्कांची वाटणी कोणत्या तत्त्वावर करायची, याचे लेखी आणि बंधनकारक सूत्र नसल्यामुळे प्रत्येक तुटीच्या वर्षी हा वाद नव्याने उभा राहतो. अतिवृष्टीच्या वर्षी धरणाचे दरवाजे उघडावे लागतात आणि भरतपूरला पाणी मिळते. तुटीच्या वर्षी मात्र निर्णय प्रशासनाच्या विवेकावर आणि राजकीय परिस्थितीवर सोपवला जातो.

नळाने आलेले पाणी

या परिस्थितीवर उपाय म्हणून गंभीर नदीव्यतिरिक्त अन्य स्रोतांचा शोध घेण्यात आला. जागतिक वारसा समितीनेही पाण्याच्या टंचाईविषयी चिंता व्यक्त केली होती. त्यानंतर मथुरा परिसरातील पुराचे पाणी वाहून नेणाऱ्या गोवर्धन नाल्यातून पाणी उपसून नळमार्गाने उद्यानात आणण्याची योजना राबवण्यात आली. २०१२ च्या सुमारास ती कार्यान्वित झाली. या योजनेतून ३५ कोटी घनफूट पाणी अपेक्षित आहे. याशिवाय चंबळ-धौलपूर-भरतपूर पेयजल योजनेतून सव्वासहा कोटी घनफूट पाण्याची तरतूद करण्यात आली. दोन्ही मिळून ही बेरीज ४१ कोटी २५ लाख घनफूट होते. म्हणजेच दोन्ही योजना पूर्ण क्षमतेने चालल्या, तरी गरजेच्या साधारण तीन चतुर्थांश भागच त्यांतून भागतो. उरलेल्या पाण्यासाठी पाऊस आणि गंभीर नदी यांवरच विसंबून राहावे लागते. गोवर्धन नाल्यात पुरेसे पाणी असणे हेही पुन्हा पावसावरच अवलंबून आहे.

प्रश्न केवळ परिमाणाचा नाही. नदीच्या पुराबरोबर माशांची पिले, पाणवनस्पतींचे बीज आणि सेंद्रिय गाळ येतो. चित्रबलाकासारखे पक्षी आपल्या पिलांना मासेच भरवतात. त्यामुळे पुराचे पाणी वेळेवर आले तरच त्यांची वीण यशस्वी होते. पेयजल योजनेचे किंवा कूपनलिकेचे पाणी जमीन ओली करते, परंतु त्यातून ही जीवसाखळी आपोआप उभी राहत नाही. गोवर्धन नाल्याच्या पाण्यात सांडपाण्याचे आणि अन्य प्रदूषकांचे मिश्रण असण्याची शक्यता असल्याने त्याच्या गुणवत्तेविषयीही तज्ज्ञांनी शंका उपस्थित केली आहे. ही योजना संकटकाळातील आधार म्हणून मोलाची आहे. तिला नदीचा पर्याय मानणे मात्र योग्य ठरणार नाही.

पाण्याच्या टंचाईबरोबर परकीय वनस्पती आणि माशांचाही उपद्रव वाढला. कोरड्या पडलेल्या भागांत वेड्या बाभळीने झपाट्याने पाय पसरले. जलाशयात जलपर्णी आणि आफ्रिकी मांगूर जातीचा मासा यांनी शिरकाव केला. हा खादाड मासा स्थानिक माशांना हानिकारक असून तो हटवण्यासाठी उद्यान प्रशासनाला वारंवार मोहिमा राबवाव्या लागल्या. वेड्या बाभळीच्या बाबतीत एक उल्लेखनीय प्रयोग झाला. भोवतालच्या गावांतील लोकांनी ही झाडे मुळासकट काढावीत आणि लाकूड सरपणासाठी घेऊन जावे, अशी व्यवस्था करण्यात आली. १९८२ मध्ये ज्या ग्रामस्थांना उद्यानाबाहेर ठेवण्यात आले होते, त्यांचाच सहभाग उद्यान वाचवण्यासाठी उपयुक्त ठरला. कायद्याच्या चौकटीत राहूनही लोकांचे हित आणि जलाशयाचे हित जुळवता येते, हे यातून स्पष्ट झाले.

देशातील अन्य जलाशयांसाठी धडा

केवलादेवचा अनुभव एकाच उद्यानापुरता मर्यादित नाही. देशातील अनेक नामांकित पक्षिस्थळे मूळची मानवनिर्मित आहेत. पंजाबमधील हरिके आणि हिमाचल प्रदेशातील पोंग ही त्याची ठळक उदाहरणे होत. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे त्याच मालिकेतील स्थळ आहे. गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तेथे उथळ पाणथळ निर्माण झाली. 'महाराष्ट्राचे भरतपूर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थळाला जानेवारी २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला. राज्यातील ते पहिले रामसर स्थळ ठरले. तेथेही बंधाऱ्यातून पाणी केव्हा आणि किती सोडायचे, हे सिंचनाच्या गरजेनुसार ठरते. पक्ष्यांचा अधिवास त्या वेळापत्रकाशी जुळवून घेतो किंवा विस्कळीत होतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये भारतातील रामसर स्थळांची संख्या ८५ झाली. ही वाढ निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु यादीत नाव आल्याने पाणी मिळत नाही, हे केवलादेवच्या उदाहरणावरून दिसते. राष्ट्रीय उद्यान, रामसर स्थळ आणि जागतिक वारसा असे तिन्ही दर्जे असतानाही २००४ नंतर हा जलाशय कोरडा पडला. दर्जा देणाऱ्या यंत्रणा वेगळ्या आणि पाणी सोडणाऱ्या यंत्रणा वेगळ्या असल्यामुळे ही विसंगती निर्माण होते. वनविभागाकडे जलाशयाची जबाबदारी असते. नदी मात्र जलसंपदा विभागाच्या आणि धरणक्षेत्रातील लाभधारकांच्या हाती असते.

या पार्श्वभूमीवर पार्वती-कालीसिंध-चंबळ जोडप्रकल्प ही केवलादेवसाठी एक संधी ठरू शकते. या प्रकल्पातून करौली आणि सवाई माधोपूरच्या शेतीला खात्रीचे पाणी मिळाले, तर पांचना धरणावरील ताण कमी होईल आणि गंभीर नदीचे काही पाणी तिच्या मूळ मार्गाने भरतपूरपर्यंत पोहोचू देणे शक्य होईल. मात्र त्यासाठी उद्यानाचा वाटा नियोजनाच्या टप्प्यावरच निश्चित करावा लागेल. हा वाटा किती, हे ठरवताना तो कोणत्या महिन्यात मिळणार, हेही ठरणे आवश्यक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आलेले पाणी पक्ष्यांच्या विणीला उपयोगी पडते. तेवढेच पाणी जानेवारीत आले, तर त्याचा लाभ बराच कमी होतो. तसेच तुटीच्या वर्षी कपात सर्वांना समप्रमाणात लागू करण्याचे सूत्र ठरले, तर वरच्या आणि खालच्या अंगाच्या लोकांमधील अविश्वास कमी होण्यास मदत होईल.

अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी पुरापासून शहर वाचवण्यासाठी अजान बंध उभा राहिला. शिकारीच्या हौसेने त्यामागील पाण्याला पक्ष्यांचे घर बनवले आणि स्वतंत्र भारताने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. प्रत्येक टप्प्यावर पाणी सोडण्याचा निर्णय कोणीतरी घेतला, म्हणून हा जलाशय टिकला. यापुढेही तो निर्णय दरवर्षी घ्यावा लागेल. तो पावसाच्या कृपेवर आणि त्या-त्या वेळच्या वाटाघाटींवर सोडायचा की त्याला नियमाचे अधिष्ठान द्यायचे, हे आता राज्य आणि केंद्र शासनाला ठरवायचे आहे. नव्या प्रकल्पाचे कालवे आखले जात असतानाच या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर घनाच्या बाभळींवर दरवर्षी घरटी दिसण्याची आशा बाळगता येईल.